हसणाऱ्याची साक्ष



न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून महाराष्ट्रात व्याख्यानमाला ही न पटणारं बोलणंही शांतपणे ऐकून घेण्याची जागा झाली आहे. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, त्याबद्दल या सभागृहातच दोन मतं असतील. विषय आहे ‘साइनफेल्ड’ ही अमेरिकन विनोदी मालिका. १९९८ साली ती संपली, तरी तिच्याबद्दलचा वाद संपलेला नाही. २०२१ साली ती नेटफ्लिक्सवर आली आणि तिच्या पहिल्या प्रसारणाच्या वेळी जन्मलेलेही नव्हते अशा प्रेक्षकांपर्यंत पोचली. त्यांच्यातही तेच दोन तट पडले.

मालिकेच्या चाहत्याला विचारा, तो सांगेल की माणसाच्या क्षुद्रपणाबद्दल इतकं खरं बोलणारी विनोदी मालिका दुसरी झाली नाही. ज्याला ती आवडत नाही त्याला विचारा, तो म्हणेल की या चौघांत ज्याच्याकडे घटकाभर चहाला जावंसं वाटेल असा एकही माणूस नाही. गंमत अशी की दोघांचं निरीक्षण एकच आहे. ही माणसं स्वार्थी आहेत, खोटारडी आहेत, दुसऱ्याचं दुःख समोर असताना स्वतःच्या गैरसोयीचा विचार करणारी आहेत, हे दोघांनाही मान्य आहे. मग त्याच प्रसंगाला एक जण पोट धरून हसतो आणि दुसरा तोंड फिरवतो, हे का होतं?

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. मालिका विनोदी आहे की नाही, एवढ्यावर हा वाद थांबत नाही. हसताना आपण कोण होतो, घडलेल्या गोष्टीचे साक्षीदार की करणाऱ्यांचे साथीदार, इथवर तो जातो. आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर ठरतं: त्या विनोदाची किंमत कोणी मोजली?

एक नियम

आधी मालिकेची ओळख करून घेऊ. जेरी साइनफेल्ड आणि लॅरी डेव्हिड या दोन विनोदकारांनी ती निर्माण केली. तिचा पहिला, चाचणीचा भाग एनबीसी वाहिनीवर ५ जुलै १९८९ रोजी दाखवला गेला. निवडक प्रेक्षकांसमोर घेतलेल्या चाचणीत त्याला फारसा प्रतिसाद मिळाला नव्हता. पुढच्या वर्षी वाहिनीनं अवघे चार भाग मागवले. तिथून रडतखडत निघालेली ही मालिका नऊ पर्वं आणि १८० भाग चालली. १९९३ साली तिला सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा एमी पुरस्कार मिळाला. १४ मे १९९८ रोजी दाखवलेला शेवटचा भाग अमेरिकेत सुमारे ७ कोटी ६० लाख लोकांनी पाहिला.

कथा चार मित्रांची. जेरी हा रंगमंचावर एकट्यानं उभं राहून लोकांना हसवणारा कलावंत; ही भूमिका जेरी साइनफेल्डनंच केली, स्वतःच्याच नावानं आणि व्यवसायानं. जॉर्ज कॉस्टॅन्झा त्याचा शाळेपासूनचा मित्र: कंजूष, भित्रा, सतत खोट्यावर खोटं रचणारा. ही भूमिका जेसन अलेक्झांडरनं केली. इलेन बेनिस ही जेरीची पूर्वीची प्रेयसी आणि आताची मैत्रीण, भूमिका ज्युलिया लुई-ड्रायफसची. आणि समोरच्या घरातून दार न ठोठावता आत शिरणारा क्रेमर, म्हणजे मायकेल रिचर्ड्स. चौघं न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये राहतात आणि एका साध्या उपाहारगृहात तासन्‌तास बसतात. त्या उपाहारगृहाचं बाहेरून दिसणारं दृश्य ब्रॉडवे आणि ११२व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या ‘टॉम्स रेस्टॉरंट’चं आहे. मालिकेचं चित्रीकरण मात्र मुख्यतः लॉस एंजेलिसमध्ये झालं.

लेखकांनी स्वतःसाठी एक नियम घालून घेतला होता: मिठ्या नाहीत, धडे नाहीत. या नियमाचं महत्त्व कळायला त्या काळची अमेरिकन कौटुंबिक विनोदी मालिका आठवावी लागते. तिचा साचा ठरलेला असे. जेमतेम बावीस-तेवीस मिनिटांचा खेळ. सुरुवातीला कुणीतरी चूक करायची, मधे गोंधळ वाढायचा आणि शेवटच्या तीन मिनिटांत पार्श्वसंगीत हळुवार व्हायचं, वडील मुलाच्या खोलीत जायचे, दोघं बोलायचे, गळ्यात पडायचे. चुकलेला माणूस सुधारला, आपलं हसणं निर्दोष होतं, अशी पावती प्रेक्षकाला मिळायची. साइनफेल्डनं ती पावती देणं बंद केलं. इथे चुकलेला माणूस भागाच्या शेवटी होता तसाच असतो. पुढच्या आठवड्यात तो तेच करतो.

पावती न मिळालेला प्रेक्षक अस्वस्थ होतो. आपण ज्यावर हसलो ते बरोबर होतं की चूक, हे त्याचं त्यालाच ठरवावं लागतं. लेखकानं निवाडा दिला नाही की तो प्रेक्षकावर येऊन पडतो, आणि लाखो प्रेक्षकांनी वेगवेगळे निवाडे दिले तर त्यात नवल नाही.

जिथे सगळे एकत्र हसतात

पण मालिकेत असेही भाग आहेत जिथे हे दोन तट पडत नाहीत. ते कोणते, हे पाहिलं तर वादाचं मूळ सापडतं.

मे १९९१ मध्ये ‘द चायनीज रेस्टॉरंट’ हा भाग दाखवला गेला. जेरी, जॉर्ज आणि इलेन सिनेमाला जाण्याआधी जेवायला म्हणून एका चिनी रेस्टॉरंटमध्ये येतात आणि टेबल मिळण्याची वाट पाहतात. संपूर्ण भाग एवढाच. मधे वेळ उडी घेत नाही, जागा बदलत नाही. इलेन भुकेनं कासावीस होते, जॉर्जला तिथला एकुलता एक सार्वजनिक फोन मिळत नाही, मागून आलेल्यांना टेबल मिळतं. शेवटी तिघं कंटाळून निघून जातात आणि त्यानंतर लगेच त्यांचं नाव पुकारलं जातं. यात काही घडतच नाही, म्हणून वाहिनीच्या अधिकाऱ्यांना हा भाग पसंत नव्हता. आज तो या मालिकेच्या सर्वोत्तम भागांत गणला जातो. ज्यांना मालिका आवडत नाही, तेही याला हसतात. कारण इथे किंमत ज्याची त्यानं मोजली आहे. भूक त्यांची, अपमान त्यांचा, फजिती त्यांची.

१९९४ सालचा ‘द मरीन बायॉलॉजिस्ट’ घ्या. जॉर्ज समुद्री जीवशास्त्रज्ञ असल्याची थाप जेरी एका तरुणीला मारतो आणि तिच्यावर छाप पाडण्यासाठी जॉर्ज ती पुढे चालवतो. मग एके दिवशी दोघं किनाऱ्यावर फिरत असताना एक देवमासा तडफडत असतो आणि गर्दीतून हाक येते, इथे कुणी समुद्री जीवशास्त्रज्ञ आहे का? जॉर्जला पाण्यात उतरावं लागतं. देवमाशाच्या श्वासाच्या छिद्रात अडकलेला गोल्फचा चेंडू तो बाहेर काढतो. तो चेंडू क्रेमरनं मारलेला असतो. दोन वेगळे धागे शेवटच्या मिनिटाला एका चेंडूत येऊन मिळतात. ही बांधणी शिकण्यासारखी आहे. यशाच्या शिखरावर जॉर्ज खरं सांगून टाकतो आणि ती मुलगी त्याला सोडून जाते. खोट्याचा हिशेब त्याच्या स्वतःच्याच खात्यावर पडला.

अशा प्रसंगांमागे लेखकानं स्वतःला उघडं करण्याचं धैर्य आहे. जॉर्ज ही व्यक्तिरेखा बरीचशी लॅरी डेव्हिडवरून घेतलेली आहे. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमाचा लेखक असताना तो एकदा रागारागानं नोकरी सोडून गेला आणि सोमवारी काही घडलंच नाही अशा थाटात परत कामावर हजर झाला. ते त्याला पचलं. १९९१च्या ‘द रिव्हेंज’ या भागात जॉर्जही तेच करतो, पण त्याला ते पचत नाही. साहेब त्याला चारचौघांत अपमानित करून हाकलतो. लेखक स्वतःच्या लबाडीचा प्रसंग घेतो आणि तिला आयुष्यात न मिळालेली शिक्षा कथेत देतो. स्वतःविरुद्ध दिलेली ही साक्ष आहे. तिच्यावर हसताना आपल्याला संकोच वाटत नाही, कारण आरोपीच फिर्यादी आहे.

भरत आणि ॲरिस्टॉटल

विनोदाचा हा भेद जुन्यांच्याही ध्यानात आला होता. ॲरिस्टॉटल काव्यशास्त्रात हास्यास्पद गोष्टीची जी ओळख सांगतो, तिच्यात एक अट आहे: दोष असावा, कुरूपता असावी, पण वेदना किंवा नाश नसावा. सुखात्मिकेचा मुखवटा वेडावाकडा असतो, दुखावलेला नसतो. ही अट मोडली की हसणाऱ्याच्या पायाखालची जमीन हलते.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्यरसाचे जे विभाव सांगितले, त्यांत धार्ष्ट्य आहे, लौल्य म्हणजे हावरटपणा आहे, असंबद्ध बडबड आहे, दुसऱ्याचे दोष दाखवणं आहे. जॉर्ज कॉस्टॅन्झाची व्यक्तिरेखा या यादीतून उभी करता येईल. पण मला भरताचं पुढचं वर्गीकरण अधिक मोलाचं वाटतं. स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित असे हास्याचे सहा प्रकार सांगून तो ते उत्तम, मध्यम आणि अधम प्रकृतीच्या माणसांत दोन-दोन वाटून देतो. म्हणजे हसणं पाहून हसणाऱ्याची ओळख पटते. विनोद कशावर आहे एवढंच पाहून भागत नाही. त्यावर कोण, कसं हसलं, हेही पाहावं लागतं. साइनफेल्डबद्दलचा वाद याच ठिकाणी पेटतो. चाहत्याला वाटतं, मला नावं ठेवली जात आहेत. टीकाकाराला वाटतं, मी हसलो तर मीही त्यांच्यातलाच ठरेन.

जिथे किंमत दुसरा मोजतो

आता अवघड भागांकडे येतो. इथे मी थोडा थांबणार आहे.

१९९१ सालच्या ‘द कॅफे’ या भागात जेरीच्या घरासमोर बाबू भट नावाचा पाकिस्तानी गृहस्थ रेस्टॉरंट उघडतो. पदार्थ जगभरचे, गिऱ्हाईक एकही नाही. जेरीच्या मनात दया येते. तो सल्ला देतो: फक्त पाकिस्तानी पदार्थ ठेवा. बाबू पैसे ओतून सगळं बदलतो. गिऱ्हाईक तरीही येत नाही आणि धंदा बुडतो. १९९३च्या ‘द व्हिसा’ या भागात बाबू परत येतो. त्याच्या व्हिसाच्या नूतनीकरणाचा कागद चुकून जेरीच्या टपालात पडतो, जेरी आणि त्याच्या मित्रांच्या ढिलाईत वेळेवर पोचत नाही, आणि बाबूला देशाबाहेर काढलं जातं.

या कथेचं दोन्ही बाजूंनी वाचन करता येतं आणि दोन्ही वाचनं खरी आहेत. पहिल्या भागात विनोदाचा रोख जेरीच्या परोपकारावर आहे. तो मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत असतो. आपण किती उदार, किती थोर, यातच त्याला गुदगुल्या होतात. बाबूचं भलं होतंय की नाही हे पाहण्याची तसदी तो घेत नाही. सुखवस्तू माणसाच्या आयत्या दयाळूपणावर इतका नेमका प्रहार मी इतरत्र क्वचित पाहिला आहे. हे वाचन करणाऱ्याला मालिका नैतिक वाटते, आणि ते बरोबर आहे.

पण किंमत बाबूनं मोजली. जेरीची फक्त दोन घटका चुळबुळ झाली. आज आपल्यापैकी अनेकांच्या घरातली मुलं व्हिसाच्या मुदती मोजत परदेशात राहत आहेत. एखादा कागद वेळेवर पोचला नाही तर काय होतं, हे त्यांच्या आईवडिलांना ठाऊक आहे. त्या घरात बसून हा भाग पाहणाऱ्याला हसू फुटलं नाही, तर त्याला विनोदबुद्धी नाही असं कुणी म्हणू नये. तो बाबूच्या जागेवरून पाहतोय. मालिकेनं कॅमेरा जेरीच्या घरात ठेवला, म्हणून सगळ्या प्रेक्षकांनी तिथेच बसावं असा नियम नाही.

दुसरं उदाहरण त्याहून कठीण आहे. १६ मे १९९६ रोजी दाखवलेल्या ‘द इन्व्हिटेशन्स’ या भागात जॉर्जचं लग्न जवळ आलेलं असतं. त्याला ते नको असतं, पण मोडण्याचं धाडस नसतं. निमंत्रणपत्रिकांसाठी तो सगळ्यांत स्वस्त पाकिटं निवडतो. त्यांचा गोंद विषारी निघतो. शेकडो पाकिटं जिभेनं ओली करून चिकटवताना त्याची वाग्दत्त वधू सुझन मरते. डॉक्टर बातमी देतात. जॉर्जच्या चेहऱ्यावर सुटकेची छटा उमटते. चौघं क्षणभर चुळबुळतात आणि कॉफी प्यायला निघतात.

या शेवटाचं समर्थन करणारे म्हणतात, ही मालिकेच्या नियमाची परिसीमा आहे. दुःख नसताना दुःखाचं सोंग करणारी माणसं आपण रोज पाहतो. इथे निदान सोंग नाही. या युक्तिवादात दम आहे. मृत्यूच्या बातमीनंतर माणसाच्या मनात येणारे सगळेच विचार उजेडात आणण्याजोगे नसतात, हे प्रत्येकाला स्वतःपुरतं माहीत असतं. १९९१ सालीच ‘द पोनी रिमार्क’ या भागात मालिकेनं हे फार सुरेख दाखवलं होतं. जेरी जेवणाच्या टेबलावर लहानपणी तट्टू पाळणाऱ्यांची टर उडवतो. समोर बसलेल्या म्हाताऱ्या नातेवाईक बाईनं पोलंडमधल्या बालपणी तट्टू पाळलेलं असतं. ती दुखावते, थोड्याच दिवसांत मरते, आणि जेरीपुढे पेच पडतो: अंत्यविधी की सॉफ्टबॉलचा सामना? तिथे म्हातारी एकाच प्रसंगात जिवंत उभी राहते. तिला देश आहे, बालपण आहे, राग आहे. म्हणून जेरीचा कोतेपणा आपल्याला लख्ख दिसतो.

सुझनला ते मिळालं नाही. तिचा प्रवास आठवा. १९९२ मध्ये ती वाहिनीची अधिकारी म्हणून मालिकेत आली. जॉर्जच्या अविचारामुळे तिची नोकरी गेली. क्रेमरच्या सिगारनं तिच्या वडिलांची केबिन जळाली. शेवटी जीव गेला. दर वेळी तिचं काहीतरी जातं, पण तिला त्याबद्दल काय वाटलं हे विचारायला पटकथा थांबत नाही. तिच्या मृत्यूवर हसता यावं म्हणून तिला आधीच पोकळ करून ठेवलं होतं. माझ्या मते हा नीतीचा दोष होण्याआधी लेखनाचा दोष आहे. ज्याला लेखकानं माणूस होऊ दिलं नाही, त्याच्या मरणावर प्रेक्षकाला हसवणं सोपं असतं. साइनफेल्डच्या लेखकांची ऐपत सोप्यापेक्षा फार मोठी होती, म्हणून हा भाग मला आजही खटकतो.

७ मे १९९८ रोजी, म्हणजे शेवटच्या भागाच्या एक आठवडा आधी, ‘द पोर्टो रिकन डे’ हा भाग दाखवला गेला. त्यात क्रेमरच्या हातून चुकून पोर्टो रिकोचा झेंडा पेटतो आणि तो विझवायला तो झेंडा पायाखाली तुडवतो. संतापलेली गर्दी मागे लागते. समाजातून निषेध झाला, वाहिनीनं दिलगिरी व्यक्त केली आणि पुनःप्रसारणातून तो भाग काही वर्षं वगळला गेला. भाग दडवणं मला मान्य नाही. वाईट विनोदही पाहता आला पाहिजे, तरच तो वाईट का हे बोलता येतं. पण निषेध करणाऱ्यांचं म्हणणं खरं होतं. अनेक वंशांच्या त्या शहरात चार गोऱ्या मित्रांना नऊ वर्षं स्वभाव मिळाले. त्यांच्या खिडकीखालून जाणाऱ्या मिरवणुकीला गर्दी एवढंच रूप मिळालं.

एकच चित्र, दोन हशे

हसणारे सगळे एकाच कारणानं हसतात हा समज अमेरिकेत फार आधी तपासला गेला होता. १९७१ साली सीबीएस वाहिनीवर नॉर्मन लिअर यांची ‘ऑल इन द फॅमिली’ ही मालिका सुरू झाली. तिचा नायक आर्ची बंकर हा वर्णद्वेषी, हटवादी, तोंडाळ गृहस्थ. लिअर यांचा हेतू स्पष्ट होता: आर्चीचे पूर्वग्रह इतके उघडे पाडायचे की लोकांनी ते हसून टाकावेत. १९७४ साली नील विडमार आणि मिल्टन रोकीच या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतले किशोरवयीन आणि कॅनडातले प्रौढ अशा प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्वग्रह अधिक असलेल्यांना आणि कमी असलेल्यांनाही मालिका विनोदी वाटत होती. पण ज्यांच्या मनात पूर्वग्रह अधिक, त्यांना आर्ची आपला माणूस वाटत होता आणि वादात तोच जिंकतो असं दिसत होतं.

विनोदाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकानं हा अभ्यास ध्यानात ठेवावा. एकाच दिवाणखान्यात, एकाच क्षणी, दोन माणसं हसतात. एक आर्चीवर आणि दुसरा आर्चीबरोबर. साइनफेल्डच्या बाबतीत ही अडचण अधिक खोल आहे, कारण लिअर यांच्या मालिकेत आर्चीला प्रत्युत्तर देणारा जावई तरी होता. इथे चौघांना जाब विचारणारं घरात कुणीच नाही. काही प्रेक्षक त्यांच्यावर हसतात आणि स्वतःला तपासतात. काही त्यांच्याबरोबर हसतात आणि दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवण्यात हुशारी आहे असं मानू लागतात. टीकाकारांना भीती वाटते ती या दुसऱ्या हशाची, आणि ती अनाठायी नाही.

मराठी प्रेक्षकाच्या मनात याला आणखी एक पदर असतो. आपण वाढलो ते दोषांवर माया करणाऱ्या विनोदात. चिं. वि. जोशींचा चिमणराव फजित पावतो, पण त्याचं भाबडेपण आपल्याला जवळचं वाटतं. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊंना घराघरांत नेलं ते त्या मायेसकट. पु. ल. देशपांड्यांच्या अंतू बर्व्याचा तिरकसपणा कितीही बोचरा असो, त्याखालचं एकाकीपण लेखक आपल्याला दाखवतो. हसता हसता डोळे पाणावणं ही आपल्याकडे विनोदाची कसोटी मानली गेली. साइनफेल्ड त्या कसोटीला जाणूनबुजून नकार देते. म्हणून आपल्याकडच्या रसिकाला ती कोरडी वाटली, तर तो त्याच्या घडणीचा भाग आहे. पण कोरडेपणातही एक शिस्त असते. डोळे पाणावले की माणसाला माफ करणं सोपं होतं; ते पाणावू दिले नाहीत की त्याच्याकडे निवांत बघावं लागतं.

इलेनचा हक्क

एका वादात मी निःशंकपणे मालिकेच्या बाजूनं आहे. चाचणीच्या भागात इलेन नव्हती. मालिकेत एक स्त्री हवी, असा वाहिनीनं आग्रह धरला आणि ही व्यक्तिरेखा आली. अशा आग्रहातून आलेल्या स्त्रीच्या वाट्याला बहुधा समजूतदारपणा येतो. पुरुषांनी घोळ घालायचे आणि तिनं मान हलवत ते निस्तरायचे. इलेननं ते केलं नाही. ती जॉर्जइतकीच आप्पलपोटी, जेरीइतकीच चोखंदळ आणि क्रेमरइतकीच बेदरकार आहे. तिला नोकरी आहे, प्रियकर आहेत, राग आहे, आणि त्यातल्या कशाबद्दलही ती माफी मागत नाही. काही प्रेक्षकांना ती न आवडण्याचं एक कारण हे आहे की जे दोष ते पुरुष पात्रांत चालवून घेतात, ते स्त्रीत चालवून घेत नाहीत. चांगलं असण्याची सक्ती नसणं हाही समानतेचा भाग आहे, आणि ज्युलिया लुई-ड्रायफसनं तो हक्क पडद्यावर कमावून दाखवला.

निवाडा

आता शेवटच्या भागाबद्दल. तोपर्यंत वाद चाहते आणि टीकाकार यांच्यात होता. शेवटच्या भागानं चाहत्यांमध्येच फूट पाडली.

सातव्या पर्वानंतर मालिका सोडून गेलेला लॅरी डेव्हिड हा भाग लिहायला परत आला. चौघं वाहिनीच्या खासगी विमानानं पॅरिसला निघतात. क्रेमरच्या धडपडीमुळे विमान भरकटतं आणि मॅसॅच्युसेट्समधल्या लॅथम नावाच्या गावी उतरतं. तिथे त्यांच्यासमोर एका लठ्ठ माणसाला पिस्तुलाचा धाक दाखवून लुटलं जातं. चौघं मदत करत नाहीत. त्याच्या लठ्ठपणावर विनोद करत उभे राहतात आणि क्रेमर ते चित्रित करतो. संकटातल्या माणसाला मदत करणं बंधनकारक ठरवणाऱ्या स्थानिक कायद्याखाली त्यांना अटक होते. अमेरिकेच्या परंपरागत कायद्यात परक्या माणसाला वाचवण्याचं सर्वसाधारण बंधन नाही; व्हर्मॉन्टसारख्या मोजक्या राज्यांनी ते घातलं. लेखकानं तो अपवाद निवडला, कारण त्याला जो गुन्हा हवा होता तो हाच होता: बघत उभं राहणं आणि हसणं.

खटल्यात नऊ वर्षांत ज्यांनी ज्यांनी किंमत मोजली ते एकेक करून साक्षीला येतात. बाबू भट येतो. जिच्या हातातला पाव जेरीनं हिसकावला ती म्हातारी येते. चौघांना एक वर्षाची शिक्षा होते. कोठडीत जेरी जॉर्जच्या सदऱ्याच्या बटणाबद्दल बोलू लागतो. पहिल्या भागातलं पहिलं संभाषणही त्याच बटणाबद्दल होतं. धडा कुणीही शिकलेलं नाही.

अनेक चाहते संतापले. आम्ही या माणसांवर नऊ वर्षं प्रेम केलं आणि लेखकानं शेवटी त्यांना गुन्हेगार ठरवलं, ही त्यांची तक्रार. त्यांचं दुःख मला समजतं, पण मला हा शेवट मालिकेतली सर्वांत धाडसी गोष्ट वाटते. त्या रस्त्यावर चौघं जे करतात तेच प्रेक्षक नऊ वर्षं करत आला होता. दुसऱ्याची फजिती सुरक्षित अंतरावरून पाहायची आणि हसायचं. आरोपीच्या पिंजऱ्यात चार जण दिसत होते. पाचवी जागा आपली होती. लेखकानं निवाडा स्वतःकडे घेतला आणि प्रेक्षकाला प्रथमच कळलं की इतके दिवस तो आपण टाळला होता. राग यावा अशीच ती गोष्ट होती.

तो प्रश्न निर्मात्यांच्या मनातूनही गेला नाही. लॅरी डेव्हिडची पुढची मालिका, ‘कर्ब युवर एन्थुझिॲझम’, एप्रिल २०२४ मध्ये संपली. तिच्या अखेरच्या भागात लॅरी स्वतः आरोपी आहे. मतदानाच्या रांगेतल्या एका बाईला पाणी दिलं म्हणून जॉर्जिया राज्यात त्याच्यावर खटला चालतो. लॅथममध्ये मदत केली नाही म्हणून शिक्षा झाली. इथे केली म्हणून होते. पुन्हा जुने दुखावलेले लोक साक्षीला येतात, पण या वेळी तांत्रिक कारणानं तो सुटतो, आणि जुनी मालिका अशी संपवायला हवी होती असं तो आणि जेरी एकमेकांना सांगतात. सव्वीस वर्षांनंतरही ज्यांनी ती लिहिली त्यांचंच त्या निवाड्यानं समाधान झालेलं नाही. मग प्रेक्षकांचं कुठून होणार?

श्रोतेहो, या वादात तोडगा निघावा अशी माझी इच्छा नाही. तो निघाला तर काहीतरी मोलाचं हरवेल. सगळ्यांना सारखंच हसवणारा विनोद बहुधा कुणालाच काही विचारत नाही. ही मालिका विचारते, आणि प्रत्येकाला त्याच्या जागेवरून उत्तर द्यायला लावते. मला तिच्यातले जे भाग थोर वाटतात, त्यांत माणूस स्वतःच्या लबाडीची किंमत स्वतः मोजतो. जे भाग खटकतात, त्यांत ती दुसऱ्यावर ढकलली जाते आणि कॅमेरा त्या दुसऱ्याकडे वळत नाही. ही कसोटी मी आपल्यापुढे ठेवतो. ती या एका मालिकेपुरती नाही. रोज आपल्या हातातल्या फोनवर कुणाची तरी फजिती चित्रित होऊन येते. बघून हसायचं आणि पुढे पाठवायचं, एवढंच काम आपल्याकडे उरलं आहे. लॅथमच्या रस्त्यावर क्रेमर तेच करत होता.

म्हणून माझी विनंती एवढीच: हसणं थांबवू नका. हसण्याविना माणसाला स्वतःचे दोष सोसवत नाहीत, आणि जे सोसवत नाहीत ते तो कधी पाहतही नाही. पण हसून झाल्यावर एकदा विचारा की याचे पैसे कोणी भरले. उत्तर ‘मी’ किंवा ‘माझ्यासारख्यानं’ असं आलं, तर मोकळ्या मनानं पुन्हा हसा. उत्तर दुसऱ्या कुणाचं नाव असेल, तर त्या माणसाची बाजू ऐकायला जा. तेवढं केलं की आपण साथीदार राहत नाही, साक्षीदार होतो. आणि साक्षीदारावर खरं बोलण्याची जबाबदारी असते.